माळावरचा डोंबारी

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले ते याच भागात. माळढोक आता फार दुर्मीळ झाला आहे. पण आम्ही चार कुटुंबे मुलाबाळांसह एस.टी.ने गेलो होतो ती चिमणीहूनही लहान अशा एका पक्ष्यासाठी. त्याचे नाव डोंबारी. काहीजण त्याला डोंबारी चंडोल म्हणतात.

सकाळी लवकर रस्त्याकडेच्या मोकळ्या माळावर उभे राहावे. मुरमाड जमीन, कुसळी आणि पवन्या गवत. प्रथम काहीच दिसत नाही. मग एक पाखरू भरभर पंख मारीत शंभरेक फूट वर चढते, पंख मिटते आणि लांब शीळ घालीत दगडासारखे खाली येते. आता आपटणार असे वाटते तोच पुन्हा वर उसळी घेते. असे कितीदा तरी. हा नर. मादीसाठी आणि आपल्या हद्दीसाठी त्याची ही कसरत चालते.

ओळख सोपी आहे. नराचे डोके राखाडी, गाल पांढुरके, डोळ्यावरून काळा पट्टा आणि हनुवटीपासून पोटापर्यंत सारे काळे. मादी मातकट, चिमणीसारखी. पण शेपूट आखूड, चोच जाड. नेहमीच्या चंडोलाच्या डोक्यावर तुरा असतो, डोंबाऱ्याला तो नसतो. हा झाडावर बसत नाही. चाहूल लागली की जमिनीला चिकटून बसतो आणि ढेकळात ढेकूळ होऊन जातो.

घरटेही जमिनीवरच. बैलाच्या खुराएवढा खळगा, आत गवताच्या काड्या, कडेला बारीक खडे. अंडी दोन किंवा तीन. नर व मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. खाणे म्हणजे गवताचे बी आणि किडे.

गावोगाव दोरीवर कसरत करून पोट भरणाऱ्या डोंबारी समाजावरून लोकांनी त्याला हे नाव दिले. त्या माणसांच्या कसबाला गावाने टाळ्या दिल्या, राहायला जागा मात्र दिली नाही. पाखराचेही तसेच झाले आहे. सरकारी कागदात खुरटी झुडपे असलेला माळ ‘पडीक’ या सदरात मोडतो. पडीक म्हटले की तो नांगरायला, प्लॉट पाडायला मोकळा. चांगल्या हेतूने दाट झाडे लावली तरी डोंबाऱ्याचे घर जातेच. त्याला उघडी जमीन लागते. ज्या माळावर मेंढरे चरतात आणि हे पाखरू पिले वाढवते, त्याला निकामी कसे म्हणावे?

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत केव्हाही मुलांना जवळच्या माळावर न्या. पायवाट सोडू नका, कारण अंडी पायाखाली येतात. शीळ ऐकू आली की वर पाहायला सांगा. आणि गावात कोणी माळाला ओसाड म्हणाले, तर तिथे कोण राहते ते त्यांना मुलांनीच सांगावे.