आवाजाची बेगमी

पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करून ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. वैशाख तापू लागला की गच्चीवर कुरडया-पापड वाळत पडतात, गव्हाला ऊन दाखविले जाते, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून त्या फळीवर चढविल्या जातात. जे आज मुबलक आहे ते उद्या हाताशी असेलच असे नाही, एवढे साधे शहाणपण त्या चालीच्या मुळाशी आहे. आमच्या घराण्याला इंदुरास येऊन चार पिढ्या लोटल्या, तरी ही चाल आमच्याकडे सुटलेली नाही. उलट गेल्या दोन वर्षांत या बेगमीत एका नव्या जिनसेची भर पडली आहे. तिला ऊन दाखवावे लागत नाही, मुंगी लागत नाही आणि बुरशीही चढत नाही. ही जिन्नस म्हणजे आवाज. नभोवाणीचे मराठी कार्यक्रम आम्ही भावंडे घरच्या संगणकावर साठवून ठेवतो.

हा उद्योग हौसेखातर सुरू झाला नाही. आमची आजी ही आमच्या घरातील सर्वांत मोठी वाचक. तिचे माहेर पुण्याचे. लग्न होऊन ती इंदुरास आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा पुस्तके अधिक होती, असे घरात अजून सांगतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग निकामी झाला. या विकारात कडेचे दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे नेमके तेच पुसले जाते. दारात कोणी उभे आहे हे कळते, पण चेहरा कळत नाही. पुस्तकाचे पान दिसते, पण अक्षर दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आजीने चष्मा घडी करून पेटीत ठेवला आणि त्याविषयी ती काही बोलली नाही. आम्ही आळीपाळीने तिला वाचून दाखवू लागलो. परंतु शाळा, परीक्षा, आईबाबांच्या नोकऱ्या यांतून दिवसाचा अर्धा तास निघणेही कठीण होऊ लागले.

तेव्हा नभोवाणीची आठवण झाली. पुण्यामुंबईच्या रेडिओलहरी दिवसा माळव्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. आता मात्र आकाशवाणीची मराठी केंद्रे आंतरजालावरून ऐकता येतात आणि पुण्याचा निवेदक आमच्या माजघरात बोलल्यासारखा स्पष्ट बोलतो. तरीही अडचण सरली नाही. आजीला जे ऐकावयाचे ते लागते त्या वेळी बहुधा घरात कोणी नसते. मोबाइलची गुळगुळीत काच बोटांना काहीच सांगत नाही, त्यामुळे तिला तो एकटीने लावता येत नाही. दुपारी जरा डोळा लागला की कीर्तन निघून जाते, आणि गेलेले कीर्तन कोणाच्याही विनवणीने परत येत नाही. म्हणून साठवणुकीचा विचार पुढे आला.

आंतरजालावरील कार्यक्रम अखंड धारेसारखा भासतो, पण तो येतो तुकड्यातुकड्यांनी. केंद्राकडील यंत्र आवाजाचे अंकांत रूपांतर करते. पुष्कळ ठिकाणी पद्धत अशी असते, की त्या अंकांचे काही सेकंदांचे तुकडे पाडून ताज्या तुकड्यांची एक यादी सतत प्रसिद्ध केली जाते. नवा तुकडा यादीत आला की सर्वांत जुना गळून पडतो. आपला संगणक ती यादी पाहून तुकडे मागवितो, दोन-चार हाताशी जमवितो, वाजवितो आणि टाकून देतो. साठवणे म्हणजे एवढेच, की वाजविल्यावर जे टाकून द्यावयाचे ते त्याला टाकू न देणे.

याच्या दोन रीती आहेत. पहिलीत संगणकातून बाहेर पडणारा आवाजच पुन्हा मुद्रित करावयाचा. ही सोपी, पण मध्येच कोणाचा निरोप आला तर त्याची टिंगटिंगही कीर्तनात मुद्रित होते. दुसरीत आलेले तुकडे जसेच्या तसे जोडून संचिकेत ठेवावयाचे. यात आवाज मुळाइतकाच शुद्ध राहतो. आम्ही ही दुसरी रीत पत्करली आणि त्यासाठी व्हीएलसी नावाची विनामूल्य आज्ञावली वापरली. पॅरिस येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमातून ती जन्मली, हे आमच्या शाळासोबत्यांना वाचून बरे वाटेल. ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करण्याची सोय संगणकात असतेच. आम्ही कार्यक्रमाच्या दोन मिनिटे आधी आरंभ आणि पाच मिनिटे नंतर शेवट असा नेम ठेवला आहे, कारण आंतरजालावरील आवाज घड्याळाच्या थोडा मागे चालतो आणि कीर्तनकार तर कोणत्याच घड्याळाला बांधलेले नसतात. वीज गेली तर मात्र उपाय नाही. आषाढातील कित्येक कथांचा शेवट आमच्याकडे अजून व्हावयाचा आहे.

इतके आवाज मावतात तरी कोठे, असे कोणी विचारील. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने एक तासाचा कार्यक्रम सुमारे २९ मेगाबाइट जागा घेतो. रोज अर्धा तास साठविला तर वर्षाला सव्वापाच गिगाबाइट होतात. म्हणजे १६ गिगाबाइटच्या, अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर तीन वर्षांचा संग्रह राहतो. पूर्वी हेच काम ध्वनिफितीवर चाले. सात इंची चाकावरील १२०० फूट फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ३२ मिनिटांत संपे. रोज अर्धा तास म्हटले तर वर्षाला ३६५ चाके लागली असती, आणि आमच्या घरात माणसांना राहावयास जागा उरली नसती.

ही फीत महाग होती, म्हणून जगातील मोठमोठ्या संस्थांनीही जुने पुसून त्यावर नवे मुद्रित केले. बीबीसीसारख्या संस्थेचे कितीतरी कार्यक्रम असे नाहीसे झाले. २००१ मध्ये तिने जनतेला आवाहन केले, की कोणी घरी काही उतरवून घेतले असेल तर ते द्यावे. आणि जे संस्थेपाशी नव्हते ते श्रोत्यांच्या माळ्यांवरून, कपाटांतून पुढे आले. याउलट, गांधीजी १२ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्रातील निर्वासितांना उद्देशून बोलले. त्या केंद्रात ते एकदाच गेले होते. ते भाषण जपून ठेवले गेले, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. कोणाचा आवाज उरावा हे त्या आवाजाच्या थोरवीवर ठरत नाही. त्या वेळी कोणी तो जपला की नाही, यावर ठरते.

आजीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने आपल्या वहीची आठवण काढली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायणाला आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात वर्षभर ध्वनिक्षेपित होत राहिली. त्या मूळ प्रयोगात निरनिराळे गायक गात असत. आजी तेव्हा १२ वर्षांची होती. घरी रेडिओ नव्हता, म्हणून शेजारच्या वाड्यात जाऊन ती ओसरीवर बसे आणि ऐकता ऐकता गीत वहीत उतरून घेई. गळालेल्या ओळी पुन्हा ऐकावयास मिळाल्या की भरून काढी. तिचे साठवण्याचे यंत्र म्हणजे टाक आणि दौत. ती वही अजून आमच्या कपाटात आहे. तिच्यातील शाई फिकी झाली आहे, आणि जिने ती लिहिली तिला आता ती वाचता येत नाही.

आज आजीपाशी मोठ्या बटनांचे एक लहान वाद्ययंत्र आहे. त्यात पेनड्राइव्ह बसतो. थांबविण्याच्या बटनावर आईने शिवणाच्या दोऱ्याची गाठ चिकटविली आहे, म्हणून बोटाला ते चटकन सापडते. हे यंत्र आल्यावर आम्हांला एक गोष्ट उमगली. चालू नभोवाणी ऐकणाऱ्यासाठी थांबत नाही. तिच्या पायाशी पाय जुळवूनच चालावे लागते. पुस्तक थांबते. त्याचे पान मागे उलटता येते, आवडलेला परिच्छेद पुन्हा वाचता येतो, बोट खुणेला ठेवून छताकडे पाहात बसता येते. साठविलेला कार्यक्रमही असाच थांबतो आणि मागे जातो. आजी एखादे वाक्य ऐकून यंत्र थांबविते, स्वतःशी काही पुटपुटते, आणि तेच वाक्य पुन्हा लाविते. तिचे पुस्तक तिला निराळ्या वाटेने परत मिळाले, असे आम्ही समजतो.

यात गमतीही होतात. संध्याकाळी दिवेलागणीला यंत्र सांगते, की सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत. ऐन उन्हाळ्यात कोकणात अतिवृष्टीचा इशारा मिळतो. आजी गंभीरपणे विचारते, "हे सात कालचे, की गेल्या चैत्रातले?" आणि आम्हांला संचिकेच्या नावावरील तारीख वाचून दाखवावी लागते. तारीख आम्ही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहितो. म्हणजे संगणकात कार्यक्रम आपोआप ओळीने बसतात. नाव न घातलेली संचिका आणि चिठ्ठी नसलेली बरणी सारखीच. उघडल्यावाचून आत काय आहे ते कळत नाही.

ऐकता ऐकता आमच्याही कानांवर काही पडते. "पाऊस येऊन राहिला आहे," असे आम्ही इंदूरकर सहज बोलून जातो. श्रुतिकेतील पात्र "पाऊस पडतो आहे" म्हणते. आम्ही एकदा आजीला विचारले, की यांतील खरे मराठी कोणते? ती म्हणाली, "बाळांनो, दोन्ही तुमचीच. पण दुसरी कानावर पडली नाही, तर ती आहे हेसुद्धा कळायचे नाही." आमच्या शाळेचा तास आणि घरातील बोलणे यांच्या पलीकडे मराठीचा एवढा विस्तार आहे, हे आम्हांला त्या अर्ध्या तासाने दाखविले.

साठवणुकीला मर्यादाही हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या खासगी उपयोगासाठी असे मुद्रण करू देते. त्याच्या प्रती वाटण्याची वा विकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ज्या कार्यक्रमाला प्रसारकाने कुलूप घातले आहे ते आम्ही तोडीत नाही. बातम्या आम्ही ठेवीत नाही, कारण त्या शिळ्या होतात. दर रविवारी आजी सांगेल ते ठेवतो, उरलेले पुसतो. जे ठेवावयाचे त्याची एक प्रत बडोद्यास आत्याकडे असते, कारण संगणकाची तबकडी कधी ना कधी बिघडतेच.

शाळासोबत्यांना आमची एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी, डोळ्यांनी साथ सोडलेले पण वाचनाची ओढ न सुटलेले कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसून विचारा, की दिवसातील कोणता कार्यक्रम त्यांचा नेहमी हुकतो. साठवणुकीला आरंभ त्याच कार्यक्रमापासून करा.