पेडगावची जाहिरात

वेड पांघरून पेडगावला जाणे, हा वाक्प्रचार मराठी बोलणाऱ्या माणसाला सांगावा लागत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी चार जिल्हे फिरलो. ‘गाव कोणते?’ या प्रश्नाला मी ‘पेडगाव’ म्हटले की समोरचा गृहस्थ आधी हसे आणि मग बसायला खुर्ची देई. खरे पाहता ते पेडगाव आमचे नव्हेच. ते श्रीगोंदे तालुक्यातले, भीमेच्या काठचे, बहादूरगडाचे. शिवाजी महाराजांच्या माणसांनी बहादूरखानाला हूल देऊन गडाबाहेर काढले आणि मागे खजिना लुटला, अशी कथा त्याला जोडून सांगतात. आमचे पेडगाव परभणीजवळचे, काळ्या जमिनीचे. इथे लुटण्यासारखे काही असलेच तर ते अडत्याने आधीच नेलेले असते. पण वाक्प्रचाराला पोस्टाचा पत्ता नसतो. दमडीचा खर्च नसता गावाचे नाव घरोघर पोचले. एवढी स्वस्त जाहिरात कोणत्या कारखानदाराला लाभली असेल?

तीन वर्षांपूर्वी माझा पुतण्या पुण्याची नोकरी सोडून गावी आला आणि त्याने लाकडी घाणा घातला. करडई आमच्याकडची जुनी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर तिच्या एका वाणाला ‘परभणी कुसुम’ असे नाटकातल्या नायिकेला शोभणारे नाव दिले आहे. घाण्यावर मोटार बसवली, तेल निवळायला टाक्या आणल्या. त्यात त्याची शिल्लक गेली आणि त्याच्या आईच्या पाटल्याही गेल्या. जाहिरातीसाठी मात्र काही उरले नाही.

“काका, बिनपैशाची जाहिरात कशी करतात?” त्याने मला विचारले. मी आयुष्यभर सरकारी कागद लिहिलेला माणूस. पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असे कोणी म्हटले आहे? आमच्या लहानपणी दवंडी असे. हलगीवर थाप पडली की बायका हातातले पीठ तसेच घेऊन दारात येत. ती सोय आता उरली नाही. त्याने मोबाइलवर दरपत्रक धाडले. त्यावर दीडशे जणांनी अंगठा उमटवला. तेल घ्यायला दोघे आले. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की माणसाचे शेत जाई. हल्लीच्या अंगठ्याने काहीच जात नाही, म्हणून तर तो इतका सढळ हाताने मिळतो. पुढे एस.टी.च्या थांब्याजवळची भिंत रंगवून झाली. अखंड हरिनाम सप्ताहात त्याने एका पंगतीचे तेल दिले आणि लाउडस्पीकरवरून त्याचे नाव तीनदा पुकारले गेले. लोकांनी वाहवा केली, पुऱ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून पिशवीतले तेल आणले. आमचे तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट भावाचे. वाहवेला भाव पडत नाही, तेलाला पडतो.

त्या दिवसांत मी त्याला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायलाच दोन वर्षे गेली म्हणतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली घरातल्याच शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकाच्या हाती पडावी, एवढाच त्याचा पहिला हेतू. शंकरराव हाडाचे चित्रकार, त्यामुळे ते पत्र देखणे निघाले. आणि मालाबरोबर त्यात नव्या विचारांचे, उद्योगाचे, घरसंसाराचे लेख येऊ लागले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ज्या मासिकाने मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या, त्याचे मूळ नांगराच्या जाहिरातीत आहे, हे साहित्याच्या इतिहासात जरा दबक्या आवाजात सांगतात. मला त्यात संकोच वाटत नाही. वाचणाऱ्याला आधी काहीतरी हाती लागले. नांगराची आठवण त्याने आपणहून ठेवली.

पुतण्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, त्यांच्याकडं दोन वर्षं थांबायला भांडवल होतं का?” या प्रश्नावर मी चहा मागवला.

आमचे हे बोलणे वहिनी चुलीपाशी ऐकत होत्या. वीस वर्षांपूर्वी भाऊ गेला, तेव्हापासून या बाईने कोणाच्या दारात जाऊन मिठाचा खडा मागितलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तेलाचा तांब्या आणि पळी घेऊन घराबाहेर पडल्या. प्रत्येक घरी पळीभर तेल. “भाजीला घालून बगा. आवडलं तं या, नाही आवडलं तं नका येऊ.” महिनाभर असे चालले. रोजचा खर्च शेर-दीड शेर तेल. हळूहळू सकाळच्या वेळी घाण्यासमोर बरण्या घेऊन पोरे उभी राहू लागली. पुतण्या हरखला. वहीत त्याने हिशेब मांडला की अमुक तेलात तमुक गिऱ्हाईक. म्हणजे ही सर्वांत स्वस्त जाहिरात.

त्या वहीत एक रकमेची नोंद राहून गेली, ती पावसाळ्यात कळली. अडतीवरून आलेली करडई जुनी निघाली. तेल दिसायला सोनेरी, पण जिभेला खवट. तीस-बत्तीस घरांत ते गेले होते. पुतण्या म्हणाला की कोणी तक्रार केलेली नाही, आली तर बदलून देऊ. वहिनी काही बोलल्या नाहीत. डोक्यावर पदर घेतला, रिकामा डबा उचलला आणि भर पावसात घरोघर जाऊन ते तेल परत मागून आणले. एका घरी त्यांना दोन शब्द ऐकावेही लागले. संध्याकाळी पाय शेकत बसल्या होत्या. मी म्हटले, “वहिनी, तुम्ही कशाला गेलात? त्याला धाडायचं.”

“भाऊजी, तेल त्याचं होतं,” त्या म्हणाल्या, “पर घ्या म्हणून तं मी सांगितलं होतं नं.”

तो आठवडा घाणा बंद होता. नवी करडई पारखून आणली तीही वहिनींनीच, दाताखाली दाणा फोडून.

आता परभणीहून आणि पुण्याहूनही मागणी येते. दिवाळीसाठी बाटल्यांना कागदी चिठ्ठी लावायचे ठरले, तेव्हा पुतण्याने तिच्यावर आईचे छायाचित्र छापण्याचा बेत केला. फोटोग्राफरही बोलावला. वहिनींनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

“माझं तोंड तिकडं कोण वळखतं?” त्या लेकाला म्हणाल्या. “त्यापरीस तेल कोण्या दिवशी काढलं ती तारीख टाक, आन् आपला फोन टाक. कोणी वापस करतो म्हणलं तं कोण्या दिवसाचं हाय ते समजाया नको?”

चिठ्ठीवर तारखेची जागा मोकळी आहे. ती रोज संध्याकाळी पुतण्या हाताने भरतो.