नखावरची रेघ

मढीची यात्रा आटोपली, पाडवा झाला की पाथर्डीत माझ्या दवाखान्यात ऊसतोडीहून परतलेली माणसं येऊ लागतात. पाच-सहा महिने दवानं भिजलेल्या पाचटात आणि घामेजलेल्या प्लास्टिकच्या बुटांत पाय राहिलेले. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि खाली चुन्यासारखा भुगा.

तो भुगा मी आधी काचपट्टीवर घेतो, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतो. एकदा ही पायरी गाळली होती. तीन महिने गोळ्या खाऊनही एका बाईंचं नख तसंच. मग त्यांच्या हाताची नखं पाहिली. सुईनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते. सोरायसिस! तेव्हापासून हाताची नखं पाहिल्याशिवाय पायाचं औषध लिहीत नाही.

गेल्या वर्षी एक मावशी आल्या. गोळ्यांचा एक कोर्स होऊनही नखाची बुरशी हटली नव्हती. त्यांना पीआरपी, म्हणजे त्यांच्याच रक्तातल्या बिंबिकांनी (प्लेटलेट्सनी) दाट केलेल्या द्रवाचं इंजेक्शन, सुचवलं. दंडाला पट्टा बांधून वीसेक मिली रक्त काढलं, यंत्रात दोनदा फिरवलं. लाल पेशी तळाशी बसल्या, वर गव्हाळ पिवळा द्रव उरला. त्यातला बिंबिकांनी दाट झालेला भाग अंगठा बधिर करून नखाच्या मुळाशी टोचला.

"माझंच रगत मलाच?" मावशींनी विचारलं.

"हो. नख जोमानं वाढावं म्हणून. बुरशीसाठी गोळ्या घ्याव्याच लागतील."

बिंबिकांमधून वाढीला चालना देणारे घटक सुटतात. नख पुढे सरकलं की रोगट भाग कापता येतो. पण यावरचे अभ्यास अजून लहान आहेत, म्हणून नुसतं पीआरपी मी कुणालाच देत नाही. यकृताची तपासणी करून टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, बारा आठवडे. जाड नखावर ४० टक्के युरियाचा लेप. पैसे कमी असतील तर पीआरपी सोडा, गोळ्या सोडू नका, हे मी आधीच सांगतो. मुकादमाची उचल फेडणाऱ्या घरातला रुपया आधी गोळ्यांवरच खर्च व्हायला हवा.

त्या दिवशी मावशींच्या नखाच्या मुळाशी ब्लेडनं बारीक आडवी रेघ ओढली. अंगठ्याचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटर वाढतं. पुरतं नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. एवढा धीर धरायचा तर डोळ्यांना काहीतरी दिसावं लागतं. दर महिन्याला पट्टी लावून आम्ही दोघं ती रेघ मोजायचो.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी मावशी आल्या. रेघ नऊ मिलिमीटर पुढे गेली होती आणि मागचं नख गुलाबी होतं. टोकाला पिवळेपणा अजून होताच. तेवढा भाग कापला, मुळाशी नवी रेघ ओढली, सुती मोजे आणि पावडर दिली.

"तिकडं पाय कवा कोरडा र्‍हायचा, डाक्टर?"

"रात्री कोपीत तरी पुसा. बेचक्यातसुद्धा."

त्यांनी मोजे पिशवीत घातले, पुन्हा एकदा अंगठा वाकवून पाहिला. "पाडव्याला मोजू," म्हणाल्या.