कीर्दीत न चढलेली बाळे

व्यापारी घरातील मुलाला एक धडा लवकर मिळतो: व्यवहार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी तो कीर्दीत चढला पाहिजे. कीर्दीत नाही ते खतावणीत येत नाही आणि ताळेबंदातही दिसत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील नवजात बालकांचे कितीतरी मृत्यू वर्षानुवर्षे असेच कोणत्याही वहीत न चढता राहिले. मूल घरातच जन्माला येई, काही दिवसांत घरातच जाई, आणि सरकारी दप्तरात त्याचा ना जन्म दिसे, ना मृत्यू. ज्याचा आकडाच नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण करणार?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतले आणि त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. एका पावसाळी संध्याकाळी दोन स्त्रिया एक मरणासन्न तान्हे घेऊन त्यांच्या घरी आल्या. बाळाला बिछान्यावर ठेवले आणि उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याचा श्वास थांबला. हे बाळ का गेले, याचा विचार करताना डॉ. अभय बंग यांनी कारणे मोजली, ती १८ निघाली. सगळी दूर करायची तर कित्येक पिढ्या जाव्यात. पण साखळीची एक कडी तुटली तरी साखळी तुटते, हा हिशेब त्यांनी मांडला. पुढचे सारे काम त्या हिशेबावर उभे आहे.

आधी निमोनियाची कडी हाती घेतली. गावातील सुइणींना दहा-बारापुढे मोजता येत नव्हते. मग बाळाचे मिनिटभरातील श्वास मोजायचे कसे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर निमोनिया समजायचा. हिशेबाची इतकी सुंदर सोय क्वचितच पाहायला मिळते!

नवजात बालकांचा प्रश्न अधिक बिकट होता. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरोघरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना. बाळंतिणीने आणि बाळाने घराबाहेर पडायचे नाही, ही रीत आपल्याकडेही परकी नाही. बाळ रुग्णालयात येत नसेल तर उपचारानेच घरी जावे, असे ठरले. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांत केवळ नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. जन्म-मृत्यूची नोंद मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे झाली. तुलना विश्वासार्ह ठरली ती या नोंदीमुळे.

तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत दर हजार जन्मांमागील नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. शेजारच्या गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. खर्च दर बाळामागे सुमारे सव्वापाच डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुरावा इतका भक्कम, तरी मंजुरीला वेळ लागला. तारण चोख असूनही कर्जाची फाईल टेबलामागून टेबल फिरते, हे बँकेची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको. एका जिल्ह्यात जे साधले ते इतरत्र साधेल का, ही शंका तशी रास्त होती. महाराष्ट्रात सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी हाच प्रयोग केला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत तो तपासून पाहिला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली. अखेर २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही योजना देशभर सुरू केली. शोधनिबंधानंतर बारा वर्षांनी! त्या बारा वर्षांत गेलेली बाळे कोणत्या खात्यावर मांडायची?

शिवाय धोरणात आले ते सगळे आले नाही. गडचिरोलीत आरोग्यदूत जे इंजेक्शन देत होत्या, ते आशांच्या हाती दिले गेले नाही. कमी शिकलेल्या स्त्रीच्या हाती सुई द्यावी की नाही, हा आक्षेप तसाच उभा राहिला. २०१४ मध्ये, बाळाला रुग्णालयात नेणे अशक्य असेल तेव्हा प्रशिक्षित परिचारिकेने ते द्यावे, इतकी मुभा मिळाली. साऱ्या खबरदाऱ्या मान्य करूनही येथे पुराव्यापेक्षा संकोच मोठा ठरला, असेच म्हणावे लागते.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. या सर्व भेटी पूर्ण झाल्यावर योजनेने तिला २५० रुपये देऊ केले. प्रत्येक भेटीत ती बाळाचे वजन करते, आईची विचारपूस करते आणि उंबरठ्याशी बसून छापील तक्त्याचे रकाने भरते.