परतीचा वेग

द्रवस्फटिकाचा रेणू विजेच्या धक्क्याने चटकन वळतो. व्होल्टेज वाढवलं की आणखी चटकन. खरी परीक्षा वीज बंद केल्यावर सुरू होते. नेहमीच्या द्रवस्फटिक (एलसीडी) पडद्यात तेव्हा रेणूला मागे ढकलणारं कुणी नसतं. पदार्थाने स्वतःच्या लवचिकपणावर परतायचं असतं. जलद पदार्थ घडवणं म्हणजे ही परतीची वाट सोपी करणं, असं मला वाटतं.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत देवळाकडे निघालेल्या गर्दीला रांग नसते, पण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. या द्रवातले रेणूही तसेच. ही शिस्त तापमानावर अवलंबून असते. १९७३ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातून जॉर्ज ग्रे आणि सहकाऱ्यांनी सायनोबायफिनाइल संयुगं जाहीर केली. त्यातलं फाइव्ह-सीबी साधारण २४ ते ३५ अंशांतच द्रवस्फटिक असतं. ध्रुवकांच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब तापवला, की रंगीत, धागेदार नक्षीत पस्तिशीजवळ काळी भोकं पडतात आणि बघता बघता सगळं काळं होतं. मुरबाडच्या वैशाखातल्या दुपारी तर ते उघड्यावरच नुसता द्रव होऊन बसेल. म्हणून पडद्यात मिश्रणच भरतात. चार संयुगांचं ई-सेव्हन हे मिश्रण साधारण उणे १० ते ६० अंशांपर्यंत तग धरतं.

वेगाचा हिशेब मात्र इथे संपत नाही. परतीचा वेळ चिकटपणाबरोबर वाढतो, लवचिकपणाबरोबर घटतो आणि थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ४ मायक्रॉनचा थर २ वर आणला, तर वेळ पाव होतो. पण पातळ थरातून प्रकाशावर तेवढाच परिणाम हवा, तर द्विअपवर्तन, म्हणजे दिशेनुसार प्रकाशाचा वेग बदलण्याचा गुण, दुप्पट लागतं. त्यासाठी रेणूत बेंझीनची कडी जोडावी, तर चिकटपणा आणि वितळणबिंदू वर चढतात. फ्लोरीनचा अणू योग्य जागी बसवला तर वितळणबिंदू उतरवता येतो. जागा चुकली तर शिस्तच ढिली पडते.

१९८० मध्ये क्लार्क आणि लागरवाल यांनी फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकाला जाताना-येताना दोन्हीकडे विजेनेच ढकललं आणि वेळ मायक्रोसेकंदांवर आणला. पण त्यातल्या रेणूंच्या थरांची रचना धक्क्याने, दाबाने बिघडते. ती घडी सांभाळणं अवघड.

म्हणून नवं मिश्रण हाती आलं, की मी त्याचा परतीचा वेळ आधी मोजतो, तोही गारठ्यात, जिथे चिकटपणा सर्वांत जास्त असतो. पौषातल्या पहाटे जे मिश्रण वेळेत परततं आणि वैशाखात शिस्त सोडत नाही, त्यालाच मी जलद म्हणतो.