भिंतीतले कपाट

आपल्या वसईच्या जुन्या घरांतील फडताळ आता दिसेनासे झाले आहे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत बांधतानाच जागा सोडायची, तिला फळ्या आणि दोन झडपा बसवायच्या, की कपाट तयार. खोलीची इंचभरही जागा अडत नसे. आजची विटांची भिंत नऊ इंचांची, आतली तर साडेचार इंचांची. तिच्या पोटात कपाट मावणार कसे? त्यामुळे हल्ली ज्याला आपण भिंतीतले कपाट म्हणतो ते वास्तविक भिंतीला लावून, छतापर्यंत नेऊन, त्या जागेच्या मापाने घडवलेले असते. माहेरून आलेले लोखंडी कपाट घर बदलले की टेम्पोत चढते. हे कपाट मात्र घराचेच होऊन राहते.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या धर्मगुरुनिवासात, प्रमुख धर्मगुरूंच्या झोपण्याच्या खोलीत, असे कपाट करण्याचे ठरले. खाऱ्या हवेने तिथल्या लोखंडी कपाटाचे पाय गंजून गेले होते. खोली सध्या माझी आहे, कपाट मात्र धर्मग्रामाचे. आम्हा धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते. बिशपांचे पत्र आले की कपड्यांची बॅग आणि पुस्तकांची खोकी घेऊन निघायचे. मग या कपाटाला माप द्यायचे ते कोणाचे?

मेस्त्रींना हा प्रश्न पडला नाही. त्यांनी आधी भिंतीचे माप घेतले. दोन भिंतींमधली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली, तर तिन्ही आकडे निराळे! ओळंबा सोडला तेव्हा डावी भिंत छतापासून जमिनीपर्यंत पाऊण इंच कललेली निघाली.

“फादर, घर बसलं की भिंत कलतेच. आपण कपाट सरळ करायचं आणि भिंतीचा वाक पट्टीत घ्यायचा,” ते म्हणाले.

याचा अर्थ मला काम पाहतानाच कळला. सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, बांधायचा; त्याचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की तो चौरस झाला असे समजायचे. भिंत आणि सांगाडा यांत उरलेल्या फटीसाठी लाकडाची पट्टी घ्यायची, ती भिंतीला धरून पेन्सिलीने भिंतीचा वाक तिच्यावर उतरवायचा आणि रंध्याने त्या रेषेपर्यंत तासायची. त्या एका पट्टीवर मेस्त्रींनी अर्धा दिवस घालवला. मत्तयच्या शुभवर्तमानात संत योसेफांच्या व्यवसायासाठी ‘टेक्टॉन’ हा ग्रीक शब्द आला आहे. मार्कने तोच प्रभू येशूसाठी वापरला आहे. सेमिनरीत आम्ही त्याच्या अर्थाची पुष्कळ चर्चा केली होती. आपल्या पवित्र चित्रांतील योसेफांची कार्यशाळा इतकी स्वच्छ का असते, हे मात्र आम्ही कोणीच विचारले नव्हते. मेस्त्रींच्या भुवयांवरही भुसा होता.

लाकडाच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही. बाहेरच्या भिंतीला आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल येते, म्हणून मरिन प्लायवूड. त्याची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. तरीही पाठ भिंतीला थेट न चिकटवता इंचभर पोकळी ठेवली, हवा खेळण्यासाठी वर-खाली भोके पाडली. तळ चार इंच उंच उचलला, कारण लादी पुसताना पाणी आत जाते. फळ्या तीन फुटांहून लांब केल्या नाहीत. त्याहून लांब फळी भाराने मध्ये झुकते.

वाद झाला तो रुंदीवरून. भिंत दहा फुटांची. आमच्या समितीतील मंडळी प्रेमाने म्हणाली, “फादर, सुताराचं काम परत परत निघत नाही. पूर्ण भिंत भरून घ्या.” मी साडेपाच फुटांवर अडून बसलो. त्याचे कारण तेव्हा मी कोणाला सांगितले नाही.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध धर्मगुरू देवाघरी गेले आणि त्यांची खोली आवरण्याचे काम आम्हा दोघांकडे आले. त्यांच्या वापरातले दोन झगे दारामागच्या खिळ्यावर होते. भले मोठे कपाट मात्र गच्च भरलेले. वाढदिवसाचे, रौप्यमहोत्सवाचे, निरोपसमारंभाचे शर्ट, चादरी, टॉवेल. बहुतेकांचे वेष्टनही काढलेले नव्हते. चिठ्ठ्यांवर देणाऱ्या कुटुंबांची नावे होती. काही कापडे घडीवर पिवळी पडून विरली होती. ते अत्यंत साधे गृहस्थ होते, लोभ त्यांना शिवला नव्हता. कोणाची भेट दुसऱ्याला द्यायला त्यांचे मन धजत नव्हते आणि ठेवायला जागा होती, एवढेच. त्या दिवशी आम्ही दोघे फारसे बोललो नाही. अंगावर घालता येतील असे शर्ट निवडून एका आश्रमात पाठवले.

साडेपाच फुटांत काय बसते? एका बाजूला टाचेपर्यंतच्या झग्यांसाठी पाच फूट उंचीची दांडी, दुसऱ्या बाजूला शर्टांसाठी साडेतीन फुटांची आणि तिच्याखाली तीन खण. हँगर आडवा राहावा म्हणून आतली खोली बावीस इंच. फळ्या खुंट्यांवर ठेवल्या, भोके वर-खाली पाडून ठेवली, म्हणजे पुढच्या फादरांना हव्या तशा सरकवता येतील. उरलेल्या साडेचार फुटांत जुनी आरामखुर्ची राहिली. भेटीला येणारे आजारी पुरोहितबंधू तिथेच टेकतात.

मेस्त्रींनी शेवटी विचारले, “चोरकप्पा करू का, फादर? जुन्या कपाटांत असायचा.” मी नको म्हटले. एखादी आजी स्वतःच्या अंत्यविधीसाठी बांगडी ठेवायला देते, कोणी लखोटा देतो. त्या वस्तूंची नोंद करून त्या कार्यालयाच्या तिजोरीत असाव्यात. ज्या कप्प्याचा ठाव फक्त मला आहे, तो मी अचानक गेलो तर कोण उघडणार?

मेस्त्रींना ते पटले. दरवाजे बसवण्यापूर्वी त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, डाव्या फळीच्या आतल्या अंगावर एक उभी रेष ओढली आणि वळणदार अक्षरात लिहिले : ‘इथून विजेची वायर गेली आहे. खिळा मारू नये.’ खाली तारीख घातली.