विहिरीचा कागद



करवीर तालुक्यातल्या आमच्या उचगावात घरोघरी नळ आले, तरी वस्तीतल्या जुन्या विहिरीवरचा राबता काही संपला नाही. नळाला पाणी नसले की आम्ही सगळ्याजणी घागरी घेऊन तिथेच जातो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी गेलो, तर विहिरीला तारेचे कुंपण! शेजारचा जमीनमालक म्हणाला, "विहीर माझ्या गटात येते. पाणी पाहिजे तर विचारून न्यायचं."

पोरे तापली, पक्कड घेऊन निघाली. आमच्या थोरल्या आत्ती दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तार तोडशिला तर केस तुमच्यावरच हुईल. आधी कागद काढा. महाडला बाबासाहेबांनी काय केलं, इसरला व्हय?"

20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. पण त्या पाण्यासाठी पुढे जवळजवळ दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले, हे किती घरांत सांगितले जाते? डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही ही पुरातन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. 14 डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. 25 डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसे तळ्यावर जायच्या तयारीने जमली होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. कोर्टाचा हुकूम मोडला नाही, पाण्याचा सत्याग्रह तहकूब केला.

फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई उठली. 1931 ला महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, 1933 ला ठाण्यात त्यांचे अपील फेटाळले गेले, आणि 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानेही आपल्याच बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाट अनादिकाळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे होण्याआधी कुणी कुणाला अडवले असेल का, अशी शंका हायकोर्टाने घेतली. म्हणजे अस्पृश्यता हा अन्याय आहे म्हणून आपण जिंकलो नाही. त्यांच्याकडे पुरावा नव्हता म्हणून ते हरले. ही गोष्ट आम्ही तेव्हा नीट समजून घेतली.

आपल्या कोल्हापुरात तर राजर्षी शाहू महाराजांनी 1919 सालीच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा हुकूम काढला होता. आज घटनेच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी आहेत. पण कोणते? सरकारी पैशाने राखलेले किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेले. तेव्हा विहीर सार्वजनिक आहे हे दाखवणे आलेच.

आम्ही तलाठ्याकडून सातबारा आणला, जुने फेरफार मागितले. ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीची नक्कल घेतली. आणि आत्तींच्या लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, एक पिवळी पडलेली पावती सापडली. विहिरीचा गाळ काढल्याच्या मजुरीची, सासऱ्यांच्या अंगठ्याची. पैसे ग्रामपंचायतीने दिलेले! शाळा न पाहिलेल्या बाईने हा कपटा चाळीस वर्षे जपला होता. पोरे गप्प झाली.

तहसीलदारांकडे अर्ज दिला, मोजणीची फी भरली. तार अजून तिथेच आहे, तारखा पडताहेत. तारखेला आम्ही दोघी-तिघी रोजंदारी बुडवून जातो. कंटाळा येतो, नाही असे नाही. मग दहा वर्षे आठवतात.

भगिनींनो, आज संध्याकाळी घरातली पेटी उघडा. जुना उतारा, इनाम जमिनीचा हुकूम, पाणीपट्टीची पावती, जे असेल ते उन्हात घालून, पुसून, झेरॉक्स काढून ठेवा. मुलांना वाचून दाखवा. कुंपण घालणारा सांगून येत नाही.